बटण दाबल्यानंतर



सभागृहात वकील मंडळी दिसतायत, म्हणून सुरुवात न्यायालयातूनच करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स स्वीकारलं. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली घडली आपल्या पुण्यात, एनआयसी या सरकारी संस्थेच्या केंद्रात. पण दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयात सकाळी ती उघडायची, तर आधी यंत्र उभं राहायला हवं. बटण दाबल्यापासून पासवर्ड विचारला जाईपर्यंत आत काय चालतं?

बूटलोडर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीत आणतो. कर्नल डिस्क वगैरे हाताशी घेतो आणि एकच प्रोग्राम सुरू करतो: इनिट, प्रक्रिया क्रमांक १. पुढचा सगळा भार त्याच्यावर.

युनिक्स सिस्टिम फाइव्हच्या वळणाच्या जुन्या पद्धतीत हा इनिट शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या फाइली, चालवून घ्यायचा. एका फोल्डरमध्ये त्यांचे दुवे असत. समजा, ‘एस२०’ डेटाबेसचा, ‘एस९१’ वेब सर्व्हरचा. एस असेल तर सुरू करायचं, के असेल तर बंद. कारभार न्यायालयाच्या बोर्डासारखा: विसाव्याचं आटोपल्याशिवाय पुढचा पुकारा नाही. विसावा नेटवर्कची वाट बघत अडकला, की मागचे सगळे ताटकळले.

त्याहून मोठी अडचण आकड्यातच होती. ९१ हा आकडा ‘केव्हा’ ते सांगतो. ‘का’ ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतं. त्याची बदली झाली, की नवा माणूस त्या आकड्याला हात लावायला धजत नाही.

२०१० साली आलेल्या सिस्टिमडी या नव्या इनिटने हा ‘का’ लिहायला जागा दिली. उबुंटू १४.०४ मध्ये अपस्टार्ट नावाचं इनिट होतं. एप्रिल २०१५ च्या १५.०४ पासून सिस्टिमडी आलं. त्याच्या युनिट फाइलमध्ये ‘आफ्टर’ लिहिलं, की कोणानंतर ते ठरतं. ‘रिक्वायर्स’ लिहिलं, की कोणावाचून अडतं ते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, बहुतेक वेळा दोन्ही लिहाव्या लागतात. ज्यांच्यात असा ‘आफ्टर’चा क्रम नाही, त्या सेवा एकाच वेळी सुरू होतात.

तरी एक तक्रार नेहमीची: हाताने चालवली तर स्क्रिप्ट धावते, बूटच्या वेळी मात्र गप्प. कारण लॉगिननंतर मिळणारा पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे ती यादी, तेव्हा नसतो, त्यामुळे नुसत्या नावाने प्रोग्राम सापडेलच असं नाही. शिवाय उबुंटूत २००६ पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश हा शेल. तो बॅश या दुसऱ्या शेलपेक्षा चपळ, पण बॅशचा दुहेरी चौकटी कंस त्याला कळत नाही.

म्हणून प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्या, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शेल स्पष्ट लिहा आणि कशावाचून अडतं ते युनिट फाइलमध्ये नोंदवा. यंत्र बिघडेल त्या सकाळी तुम्ही रजेवर असाल. जागेवर असलेल्याला ती फाइल वाचूनच काम भागवायचं आहे.