बदली कोणाची करावी?



सरकारी कचेरीत काम अडले की पहिला उपाय सुचतो तो कोणाच्या तरी बदलीचा. काम नेमके कोठे अडले आहे, हे पाहण्याची तसदी त्या मानाने थोडेच लोक घेतात. 2024 च्या हिवाळ्यात माझ्या घरी असेच एक बदलीचे प्रकरण आले. मात्र ते माणसाचे नव्हते, लॅपटॉपच्या प्रोसेसरचे होते.

माझा भाचा अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी नांदेडहून दिल्लीस आला होता. त्याचा लॅपटॉप 2017 सालचा. आकडेवारीचा मोठा तक्ता उघडला की ते यंत्र जे थबके, ते चहा उकळून होईपर्यंत हलत नसे. "मामा, प्रोसेसर जुना झालाय, तो बदलून घेऊ," असे म्हणून त्याने 15,000 रुपये माझ्यापुढे ठेवले. दाजींनी ते सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढून पाठवले होते. ते भलत्या जागी खर्ची पडले तर पुन्हा लवकर येणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दिल्लीत संगणकाची अडचण आली की पाय नेहरू प्लेसकडे वळतात. उंच इमारतींच्या मधल्या त्या चौकात नवे, जुने, मोडके आणि जोडलेले असे सर्व काही मिळते. पहिल्याच दुकानदाराने सांगितले, "तुमचा आय-फाइव्ह लॅपटॉप द्या, वर पंधरा हजार द्या आणि हा आय-सेव्हन घेऊन जा." भाच्याचे डोळे चमकले. मी त्याला दोन्ही प्रोसेसरांचे पूर्ण क्रमांक कागदावर उतरवून घेण्यास सांगितले. त्याचा स्वतःचा निघाला आय-फाइव्ह 7200 यू. दुकानदाराचा आय-सेव्हन 6500 यू. पहिला सातव्या पिढीचा, दुसरा सहाव्या. आणि गणना करणारे कोर दोघांतही दोनच! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलाच हा प्रकार.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही केवळ पदवी आहे. पिढी कळते ती पुढच्या क्रमांकाच्या आरंभीच्या आकड्यावरून. इंटेलच्या हलक्या लॅपटॉपांतील, म्हणजे 'यू' अक्षराच्या, सातव्या पिढीच्या आय-सेव्हनमध्ये दोन कोर होते. 2017 सालीच आलेल्या आठव्या पिढीच्या आय-फाइव्हमध्ये ते चार झाले. धाकट्या पदवीचा नवा उमेदवार थोरल्या पदवीच्या जुन्या उमेदवारास मागे टाकतो, तो असा. एएमडीच्या प्रोसेसरांतही डोळस राहावे लागते. रायझन फाइव्ह 7520 यू या नावातला पहिला सात 2023 साल सांगतो. पण तिसरा आकडा दोन सुचवतो की आतली रचना 2019 साली प्रथम बाजारात आलेल्या झेन-टू या घराण्यातली आहे.

पुढे एका वृद्ध कारागिराने पेचकसाने लॅपटॉप उघडून दाखवला. प्रोसेसर मदरबोर्डावर डाख देऊन पक्का बसवलेला होता. 2013 च्या चौथ्या पिढीपर्यंत काही लॅपटॉपांत तो खोबणीत बसवलेला असे आणि काढून दुसरा घालता येई. आज जवळजवळ सर्वच लॅपटॉपांत तो काढता येत नाही. बदलायचा तर सगळा मदरबोर्डच बदलावा लागतो, आणि जुन्या यंत्रावर तो खर्च करणे क्वचितच परवडते.

मग त्या कारागिराने यंत्र सुरू करून भाच्याला त्याचाच तक्ता उघडावयास लावले, आणि टास्क मॅनेजरकडे बोट दाखवले. प्रोसेसर जेमतेम पाचवा हिस्सा कामात होता. 4 जीबी स्मृती काठोकाठ भरली होती आणि जुनी फिरती हार्ड डिस्क पूर्ण शंभर टक्के गुंतली होती.

आमच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर प्रोसेसर म्हणजे अधिकारी, स्मृती म्हणजे त्याचे मेज आणि डिस्क म्हणजे तळघरातील दफ्तरखाना. मेज वीतभर असेल आणि प्रत्येक कागदासाठी शिपायाला तळघरात धाडावे लागत असेल, तर अधिकारी कितीही कर्तबगार आणला तरी तो हात बांधूनच बसणार. येथे बदली अधिकाऱ्याची नव्हे, मेजाची आणि दफ्तरखान्याची करावयाची होती.

8 जीबीची स्मृतीपट्टी आणि 500 जीबीची एसएसडी, मजुरीसह 5,600 रुपयांत बसली. त्या संध्याकाळी तोच तक्ता उघडला, तेव्हा चहाचे आधण ठेवण्यासही वेळ मिळाला नाही. उरलेले 9,400 रुपये भाच्याने परत पाठवू म्हटले, तेव्हा दाजींनी कळवले, "ठेव, पुढच्या यंत्राला लागतील."

ते लागणारच आहेत. विंडोज 10 ला मिळणारे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आणि विंडोज 11 च्या अटींत सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर बसत नाहीत. भाच्याने त्यावर लिनक्स घातले. त्याचे सांख्यिकीचे काम त्यावर उत्तम चालते. मराठी व इतर भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली आपल्या सी-डॅकनेच केलेली आहे. परंतु जुना लॅपटॉप विकत घेऊन त्यावर विंडोजच चालवायचे असेल, तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागे जाऊ नये. चित्रफितींचे संपादन किंवा दीर्घ गणिते करताना प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर टेकत असेल, तर मात्र स्मृती वाढवून भागणार नाही. पैसे साठवून यंत्रच बदलावे. आणि ते घेताना स्मृतीसाठी मोकळी खोबण आहे की तीही डाख देऊन बंद केली आहे, हे विचारून घ्यावे.

पैसा बेताचा असला की चूक महाग पडते. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी आपलेच नेहमीचे काम यंत्रापुढे ठेवावे आणि कोणता भाग भरून गेला आहे ते पाहावे. एवढे केले असते, तर माझ्या कचेरीतील कित्येक बदल्याही कदाचित टळल्या असत्या!