समुद्रकाठचे गेतारिया
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलाच्या नोकरीमुळे स्पेनमधील बास्क किनाऱ्यावर, गेतारिया गावी, सहा महिने राहण्याचा योग आला. १५२२ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा एल्कानो इथलाच. गाव चिमुकले, भाषा कळेना, घरात जीव रमेना. मग धक्क्यावर जाळी शिवणाऱ्या बायकांपाशी जाऊन बसू लागले. आईला त्या ‘आमा’ म्हणतात, एवढ्यावर ओळख जमली! १८९५ साली याच गावी जन्मलेला बालेन्सियागा पॅरिसमध्ये नामांकित शिंपी झाला. सुई त्याने शिवणकाम करणाऱ्या आईपाशी पाहिली. लहान गावाची गोडी हीच, की तिथे बाईच्या हातचे काम सर्वांना दिसते. आपल्या शिवणवर्गाकडेही तशाच नजरेने पाहावे, एवढे सांगून रजा घेते.