गढूळ पाण्यातील गवत
(रोहा तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



आषाढात कुंडलिका लाल, गढूळ होऊन रेवदंड्याच्या खाडीकडे धावते, हे आपण दरवर्षी पाहतो. त्या पाण्याखाली एखादी हिरवी वनस्पती असेल तर तिला अन्न करण्यापुरता उजेड कोठून मिळेल, हा प्रश्न मात्र आपण मुलांना क्वचितच विचारतो.

कोकणातील काही खाड्यांच्या चिखलपट्ट्यांवर हॅलोफिला बेकारी नावाचे समुद्रगवत वाढते. पान जेमतेम एक सेंटीमीटरचे. मुले त्यास शेवाळ म्हणतील. परंतु त्यास मुळे आहेत, फुले येतात, बी धरते. मुळे आहेत म्हणूनच खर्चही मोठा. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पानांनी उजेडात निर्माण केलेला प्राणवायू आतील पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोचवावा लागतो. म्हणून समुद्रगवतांना पृष्ठभागावरील उजेडाचा सरासरीने सुमारे ११ टक्के भाग लागतो. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे सुमारे १ टक्क्यावर भागते.

उजेड उणावला म्हणजे अन्ननिर्मिती मंदावते. श्वसन मात्र रात्रंदिवस चालूच राहते. जमेपेक्षा खर्च वाढला की, चिखलातील आडव्या खोडात साठविलेली साखर व पिष्ट मोडून वनस्पती जगते. श्रावणात कणगीतील भातावर घर चालते, तसेच हे. पण कणगीला तळ असतो. पावसाचा गढूळपणा ओसरतो. सतत रेती उपसल्याने उठणारा गाळ ओसरावयास सवडच मिळत नाही.

येथे माझीच एक फसगत सांगतो. वर्गाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील हायड्रिलाचा रंग गडद दिसला, तेव्हा ती अधिक सशक्त आहे असे मी मुलांना सांगून मोकळा झालो. वस्तुतः मंद उजेडात अनेक वनस्पती, समुद्रगवतेसुद्धा, मिळेल तो किरण टिपण्यासाठी पानांतील हरितद्रव्य वाढवितात. तो गडदपणा टंचाईचा होता.

समुद्रगवत शाळेत आणण्याची गरज नाही, व उपटून तर आणूच नये. गावतळ्यातील हायड्रिलाची ताजी फांदी, कापलेले टोक वर करून, काचेच्या पेल्यात बुडवावी. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. वर्ग अंधारा करून विजेचा प्रखर दिवा जवळ ठेवावा व मिनिटास किती बुडबुडे सुटतात ते मुलांकडून मोजवावे. मग दिवा व पेला यांच्यामध्ये प्रथम स्वच्छ पाण्याची रुंद बाटली ठेवावी. नंतर तीतच खाडीचा गाळ ढवळावा. प्रत्येक वेळी पाच मिनिटे थांबून मोजावे.

बुडबुडे थांबताच वनस्पती मेली, असे एखादा मुलगा म्हणेलच. त्यास उत्तर देऊ नये. गढूळ बाटली काढून पुन्हा मोजावयास सांगावे.