हंगामाची बेरीज

आज क्रिकेटबद्दल बोलायचं आहे. पण सामन्याबद्दल नाही, हंगामाबद्दल. आपल्या अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावरच्या पोरांना विचारा, आयपीएलमध्ये काल कोणी किती षटकार मारले. धडाधड सांगतील. मग विचारा, 2024-25च्या रणजी हंगामात देशात सर्वांत जास्त धावा कोणाच्या? बरेच जण गप्प होतील. अरे बाबांनो, आपल्याच विदर्भाच्या यश राठोडच्या! 960 धावा, पाच शतकं.

त्याच यादीत खाली वाचत जा. करुण नायर 863, दानिश मालेवार 783. गोलंदाजीत हर्ष दुबेचे 69 बळी. आजवर रणजीच्या एका हंगामात इतके कोणीच घेतले नव्हते. म्हणून तर विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातली 37 धावांची आघाडी कामी आली.

आता आपल्या पऱ्हाटीचंच बघा. पहिल्या वेचणीला पांढराशुभ्र कापूस घरात आला की आनंद होतो. पण तेवढ्यावर कोणी वर्षाचा हिशेब मांडतं का? दुसरी वेचणी असते, तिसरी असते. मध्येच अवकाळी पाऊस येतो, बोंडअळी येते. एखादी वेचणी भरघोस, एखादीत मजुरीही निघत नाही. शेवटी आपण विचारतो ते एकच : एकरी किती क्विंटल झाला? राठोडचंही तसंच. मुंबईविरुद्ध उपांत्य सामन्यात, दुसऱ्या डावात, चार गडी स्वस्तात गेले असताना त्यानं 151 काढल्या. ती भरघोस वेचणी. पुढच्याच सामन्यात, अंतिम फेरीच्या पहिल्या डावात, तो 3 धावांवर बाद झाला. 960 मध्ये ते 151 आहेत आणि ते 3 सुद्धा आहेत.

अमेरिकेत बेसबॉलचे लोक ही बेरीज फार जपतात. बेब रूथनं 1927च्या हंगामात 60 होम रन मारले. तो आकडा 1961 मध्ये रॉजर मॅरिसनं 61 मारून मोडला. मधली 34 वर्षं तो लोकांच्या तोंडी होता. आपल्याकडे फैज फझलनं 2017-18 मध्ये, विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदाच्या वर्षी, कर्णधार म्हणून 912 धावा केल्या. घरात कोणाला आठवतात? आठवायला हव्यात.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं : एका षटकाराला टाळ्या जरूर वाजवा, पण खेळाडू जोखायचा तो हंगामावर. पालकांनो, मुलगा एका डावात शून्यावर बाद झाला म्हणून त्या संध्याकाळी त्याच्यावर रागावू नका. आणि एका अर्धशतकावर पेढेही वाटू नका.

शाळांच्या क्रीडाशिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रत्येक सामन्याची धावपुस्तिका नीट भरा, जपून ठेवा आणि वर्षाअखेरीस बेरीज करून फळ्यावर लावा. मुलींच्या संघांचीही लावा. त्यांच्या नोंदींची आबाळ तर याहून मोठी, पण तो विषय सुरू केला तर वेळ पुरायची नाही. निदान फळ्याचं काम याच हंगामापासून करा.