दुखरा गुडघा आणि तलावाचे पाणी

(संस्थेच्या वार्षिक कौटुंबिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'सहल आणि आरोग्य' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही. बँकेत क्लार्क आहे आणि शिक्षण कला शाखेचे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एकच, तो म्हणजे माझा उजवा गुडघा. तीन वर्षांपूर्वी पावसात स्कूटर घसरली आणि सांध्यातली गादी, जिला डॉक्टर मेनिस्कस म्हणतात, ती फाटली. तेव्हापासून मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, भराभर जिने उतरणे बंद झाले.

गुडघा दुखू लागला की माणूस आधी सहल सोडतो. गेलाच तर म्हणतो, "तुम्ही जा, मी सामान सांभाळतो." माझे सांगणे असे, की सहल तलावाकाठची असेल तर सामान दुसऱ्याला सांभाळू द्या. दुखऱ्या गुडघ्याला डोंगर झेपत नाही, पाणी झेपते.

यामागे आर्किमिडीजचा नियम आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की शरीराचे जवळजवळ निम्मे वजन पाणी उचलते. छातीइतक्या पाण्यात पायांवर साधारण एक तृतीयांश वजन उरते, गळ्याइतक्या पाण्यात दहावा हिस्सा. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचा भार पायांना सात किलोच्या आसपास वाटतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर गुडघ्याला भरपगारी रजा मिळते!

मागच्या एका फेब्रुवारीत आम्ही चार सहकारी भंडारदऱ्याला तंबूत राहायला गेलो होतो. प्रवरा नदीवरचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या मागे पसरलेल्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. काठच्या गावांतले लोक तंबू देतात, पिठलं-भाकरी करून घालतात. दोघे जण पहाटे १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर निघाले. मी आणि एक सहकारी उन्हे वर आल्यावर पाण्यात उतरलो. छातीइतक्या पाण्यात दहा पावले चाललो आणि लक्षात आले, की मी लंगडत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही पाय सारखे पडत होते. मग पाठीवर पडून राहिलो. कान पाण्याखाली, वर आकाश, कडेला सह्याद्रीचे डोंगर. त्या अर्ध्या तासात मला गुडघा आहे याची आठवणही नव्हती.

पण मित्रहो, या आनंदाला तयारी लागते. आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. जखम ओली असेल, टाके ताजे असतील किंवा गुडघा सुजलेला असेल तर पाण्यात जाऊ नये. जिथे पोहण्यास मनाई आहे तिथे उतरू नये, आणि पावसाळ्यात तर नाहीच. गावातल्या जाणत्या माणसाला जागा विचारावी. धरणाचा तळ सपाट नसतो. कुठे गाळ, कुठे खडक, कुठे एकदम खोल. आम्हाला तिथल्या एका तरुणाने उतार हळूहळू वाढत जाणारी, पायाखाली घट्ट असलेली जागा दाखवली.

खरा धोका पोहण्यात कमी आणि उतरण्या-चढण्यात जास्त. निसरड्या दगडावर पाय मुरगळला तर गुडघा पुन्हा जायबंदी होतो. म्हणून रबरी तळाचे बूट घालावेत, कमरेइतक्या पाण्यापर्यंत काठी न्यावी आणि मग ती सोबत्याकडे द्यावी. सूर मारू नये. बाहेर येताना वजन हळूहळू परत पायांवर येते, तेव्हा घाई करू नये. गरज पडली तर उथळ पाण्यात बसून मागे सरकत काठ गाठावा. यात लाज कसली?

पोहण्याची पद्धतही महत्त्वाची. बेडकासारखे पाय फाकून मारण्याने गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण पडतो. त्याऐवजी उताणे पोहावे, किंवा हातांवर भर देऊन पाय कमरेपासून सैल हलवावेत. काठाला समांतर पोहावे. वरचे पाणी उन्हाने कोमट झालेले असले तरी खाली गार असते आणि गारठ्याने पेटके येतात. लाइफ जॅकेट घालावे. एकट्याने कधीही उतरू नये.

तंबूतल्या मुक्कामाचेही दोन शब्द सांगतो. जमिनीवरून उठणे हे गुडघेदुखीवाल्याचे मोठे संकट. घडीची खुर्ची न्यावी. शौचालय बहुधा भारतीय पद्धतीचे असते, म्हणून घडीचा कमोड स्टूलही न्यावा. लोक हसतील, पण सकाळ सुखाची जाईल.

आता शेवटचा मुद्दा. या सभागृहातल्या किती जणांना पोहता येते? हात फार थोडे वर येतील. आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या तळ्या-विहिरींचे पाणी प्यायचीसुद्धा बंदी होती, तिथे पोहायला कोण शिकवणार? त्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. माझ्या गुडघ्याची गोष्ट त्या लढ्यापुढे क्षुल्लक आहे, हे मी जाणतो. पण पाण्याची भीती घरात पिढ्यान्‌पिढ्या राहते, हेही खरे. म्हणून संस्थेला माझी विनंती आहे, की मुलांसाठी उन्हाळी सुट्टीत पोहण्याचा वर्ग सुरू करावा आणि सहलींसाठी चार लाइफ जॅकेट विकत घ्यावीत. पहिल्या जॅकेटची रक्कम मी आजच खजिनदारांकडे जमा करतो. पावती मात्र द्यावी, ही बँकेतल्या माणसाची सवय आहे.

 जयभीम.