छातीतील द्रवार्बुद : पाणी की मांस?

छातीच्या विकारांशी म्हैसूर नगरीचा परिचय जुना आहे. राजकन्या कृष्णाजम्मणी यांच्या नावाचे क्षयरोग-आरोग्यधाम याच नगरात आहे. १९२४ साली बंगळूर येथे निघालेले म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालय १९३० मध्ये येथे आले. त्या काळी छातीच्या परीक्षेत क्ष-किरण चित्र हाच वैद्यांचा मोठा आधार होता. परंतु ते चित्र म्हणजे छाया. छायेवरून गाठीचा आकार कळतो. तिच्या आत पाणी आहे की मांस, हे कळत नाही.

या प्रश्नाच्या उत्तरावर शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून असतो. द्रवाने भरलेली पिशवी म्हणजे द्रवार्बुद, अर्थात सिस्ट. दोन फुप्फुसांच्या मधल्या भागात आढळणारी अशी द्रवार्बुदे बहुधा निरुपद्रवी असतात. श्वासनलिकेच्या गर्भावस्थेतील अंकुरापासून काही उद्भवतात, तर काही थायमस ग्रंथीत होतात.

१९७१ साली लंडनमध्ये रुग्णाच्या मस्तकावर प्रथम वापरलेल्या सीटी स्कॅनने घनता मोजता येऊ लागली. या मापनात शुद्ध पाण्याची घनता शून्य धरतात. मात्र द्रवात प्रथिने किंवा रक्त मिसळले की घनता वाढते आणि साधे द्रवार्बुद भरीव गाठीसारखे भासते. अशा भासापायी रुग्णाची छाती विनाकारण उघडली जाण्याचा संभव असतो.

येथे चुंबकीय अनुनाद, म्हणजे एमआरआय, उपयोगी पडतो. प्रबळ चुंबकक्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे संकेत हे यंत्र टिपते. टी-२ प्रकारच्या चित्रात द्रव सामान्यतः तेजस्वी दिसतो. टी-१ चित्रात स्वच्छ पाणी काळसर, तर प्रथिनयुक्त द्रव उजळ दिसू शकतो. गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून दिल्यावर भरीव भाग उजळतो. द्रव मात्र उजळत नाही. पाठीच्या कण्यालगतची पिशवी मेरुरज्जूच्या आवरणाशी जोडलेली आहे काय, हेही या चित्रांत पाहता येते.

या साधनालाही मर्यादा आहेत. फुप्फुसात हवा फार, म्हणून तेथून संकेत क्षीण येतात. श्वास व हृदयाच्या हालचालीने चित्र धूसर होते. चुन्याचे कण नीट दिसत नाहीत. फुप्फुसाच्या आतील विकारांसाठी सीटी स्कॅनच श्रेयस्कर ठरतो. पट्टकृमीमुळे होणाऱ्या हायडॅटिड द्रवार्बुदाची शंका असल्यास अविचाराने सुई टोचू नये. गळलेल्या द्रवाने प्राणघातक प्रतिक्रिया उद्भवू शकते.

सारांश, एमआरआय हे प्रत्येक छातीसाठी नव्हे. सीटी स्कॅननंतरही संशय उरला, तर शस्त्र उचलण्यापूर्वी या यंत्राचा कौल घ्यावा, हेच रुग्णाच्या हिताचे.