मंदीचे दिवस आणि आपली खोली

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात वक्त्याने शिक्षणावर बोलावे असा रिवाज आहे. मी आज घरावर बोलणार आहे. वक्ता विषय सोडून भरकटला, असे कृपा करून समजू नका. ज्या मुलाचे बिऱ्हाड हलते त्याची शाळाही हलते. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा शाळा हलत नाही, ती सुटतेच. गिरगाव, भायखळा, मदनपुरा, परळ, लालबाग, दादर या भागांतली खोली विकून कुटुंब मुंब्रा-कल्याणकडे गेले, म्हणजे मुलगा वर्षभर गर्दीच्या लोकलने जुन्या शाळेत येत राहतो. मुलीला घरचे लोक धाडत नाहीत. म्हणून खोलीचा प्रश्न हा शाळेचाही प्रश्न आहे.

मंदी आली म्हणजे लोक म्हणतात, "बरे झाले, आता जागांचे भाव उतरतील, गरिबाला घर मिळेल." ऐकायला हे गोड वाटते. पण भाव उतरतात ते कोणासाठी, हे पाहिले पाहिजे. २०२० साली महामारीने कामधंदे बसले, तेव्हा राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळासाठी मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले. ज्याची नोकरी शाबूत होती आणि ज्याच्या पाठीशी बँक होती, त्याने त्या सवलतीचा लाभ घेतला. टॅक्सी चालवणारा, फेरी करणारा, बॅगा शिवणारा कारागीर यांच्या घरी मात्र त्याच महिन्यांत खोली काढावी की काय, याची चर्चा चालली होती. मंदीत घेणारा निवांत असतो आणि विकणारा नडलेला असतो. बांधकाम व्यावसायिक आपले रिकामे फ्लॅट कुलूप लावून दोन वर्षे ठेवू शकतो. घरात आजारी माणूस आणि फीची नोटीस असलेल्या गृहस्थाला दोन महिनेही थांबवत नाही. बाजारभाव दोघांना सारखाच लागू होतो असे म्हणणे हिशेबाला धरून नाही.

आपल्यातले पुष्कळ लोक व्याजामुळे बँकेचे कर्ज घेत नाहीत. हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण त्याचा व्यवहारातला अर्थ ध्यानात घ्या. ज्याला कर्ज नको, त्याला उद्याचे घर रोखीनेच घ्यावे लागणार. अशा माणसाने हातातली खोली इतरांपेक्षा दुप्पट विचार करून सोडली पाहिजे.

मंदीत घरे कशी जातात, याचा धडा या शहराने एकदा गिरवला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. लालबाग-परळच्या चाळींत कोकण आणि घाटावरचे मराठी कामगार राहत, तसे मदनपुऱ्यात उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान विणकर राहत. साच्यावरचे काम हा त्यांचा पिढीजात हुन्नर होता. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. आधी बायकांच्या अंगावरचे सोने गेले, मग भांडी गेली, आणि शेवटी कित्येकांची खोली गेली. पगडीचे चार पैसे घेऊन कोणी गावी गेला, कोणी लांबच्या उपनगरात गेला.

ज्या जागा त्या वेळी मातीमोल वाटल्या, त्यांचे पुढे काय झाले? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करण्याची योजना होती: एक मोकळ्या मैदानांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सार्वजनिक वाटा त्यामुळे फार आकसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्याआधी, २००५ साली, दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जागा ४२१ कोटी रुपयांना विकली गेली होती. तिच्या भोंग्यावर जे कामगार उठत, त्यांच्यापैकी ज्यांनी संपाच्या दिवसांत खोली काढली, त्यांच्या वाट्याला या कोटींतला एक पैसाही आला नाही.

पण या कहाणीला दुसरीही बाजू आहे, आणि ती विद्यार्थ्यांनी नीट ऐकावी. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरे देण्याचे ठरले. जून २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. घराची किंमत साडेसात लाख रुपये होती. अर्ज लाखाच्या वर होते. २०१६ आणि २०२० मध्ये आणखी सोडती निघाल्या. घरे कमी, माणसे फार, म्हणून बहुतेकांची निराशाच झाली, हे मान्य. पण अर्ज तरी कोणाला करता आला? ज्याच्या घरी तिकीट, लाल पास, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ई.एस.आय.चा नंबर असा काही पुरावा होता त्याला. तीस वर्षांपूर्वीचा कागद ज्या घरात जपून ठेवलेला होता, त्या घराला निदान रांगेत उभे राहता आले. ज्यांच्या घरी तो रद्दीत गेला होता, त्यांना दारातच अडखळावे लागले.

आता आपल्या खोल्यांकडे येऊ. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या इमारतींत आपण इतकी वर्षे राहू शकलो, ते मुख्यतः भाडे नियंत्रण कायद्यामुळे. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. याचा मालकांवर अन्यायही झाला. एवढ्याशा भाड्यात इमारत दुरुस्त होत नाही, आणि मालक पुष्कळदा आपलाच शेजारी किंवा एखादा धर्मादाय ट्रस्ट असतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली ही गोठलेली भाडी अवाजवी ठरवली. मग १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली, आणि जी पगडी तोवर चोरीछुपे चाले तिला कायद्याची मान्यता मिळाली.

म्हणजे भाडेकरूचा हक्क हा कागदावरचा, किमतीचा हक्क आहे. इमारत जुनी आणि उपकरप्राप्त असेल तर नियम ३३ (७) खाली पुनर्विकासात रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे मालकीचे घर मिळू शकते. आज जो नड म्हणून खोली काढतो, तो नुसती दहा बाय बाराची जागा विकत नाही, उद्याचे हे घरही त्याच भावात देऊन टाकतो. हिशेब करून पाहा. समजा, खोलीला तीस लाख आले. रिवाजाप्रमाणे तिसरा हिस्सा मालकाकडे गेला. उरले वीस. त्यातून देणी फिटली आणि लांब कुठे लहानसे घर घेतले, तर दोन माणसांचा रोजचा प्रवास आणि चार तास कायमचे खर्ची पडले. यातले काहीही दलाल सांगत नाही.

आपल्या समाजापुरती यात आणखी एक अडचण आहे, ती टाळून पुढे जाणे बरे नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद न्या. श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. त्यानंतर मिश्र वस्तीतली कित्येक मुसलमान कुटुंबे निघाली आणि आपल्या लोकांच्या वस्तीत आली. काही हिंदू कुटुंबे उलट दिशेने गेली. जिवाच्या भीतीने निघालेल्या माणसाला आपण शहाणपण शिकवू नये. पण बाजाराने त्या भीतीचे काय केले ते समजून घ्या. निघणाऱ्याने घाईत कमी भावात विकले आणि जिथे सगळेच शिरू पाहत होते तिथे चढ्या भावात घेतले. पुढे शहरात इतरत्र घर शोधायला गेलेल्यांना नाव ऐकूनच नकार मिळू लागले. मुसलमानांना घर मिळताना अडचणी येतात हे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही आले आहे. त्यामुळे मंदीत शहरभर भाव उतरले तरी आपल्या चार गल्ल्यांत ते फारसे उतरत नाहीत. माणसे मात्र त्याच जुन्या लाकडी जिन्यांवर वाढत जातात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ जीव गेले. तेव्हा खोली धरून ठेवा असे मी सांगतो, त्याचा अर्थ धोकादायक इमारतीत बसून राहा असा मुळीच नाही. जीव आधी. पण इमारत रिकामी करतानासुद्धा हक्काचा कागद हातात घेऊन बाहेर पडा.

मंदीचा दुसरा घाव पुनर्विकासावर पडतो. घर रिकामे करून दिलेले असते, दरमहा भाडे देण्याचा करार असतो, आणि बाजार बसला की काम थांबते, भाडेही थांबते. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांना असेच दहा वर्षांहून अधिक काळ ताटकळावे लागले. आपल्याच शेजारी भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे २५० इमारतींचा पुनर्विकास एका समाजाच्या ट्रस्टने २००९ मध्ये हाती घेतला. तो संथपणे चालला, पण काही कुटुंबे नव्या टॉवरांत राहायला गेली. दोन्हीकडे फरक पैशाचा होता, तसा संघटनेचाही होता. ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीवर जिथे सारा कारभार ठरतो, तिथे करार वाचू शकणारी दहा माणसे प्रत्येक इमारतीत हवीत.

म्हणून पालकांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

भाड्याची पावती दरमहा घ्या. पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तो भाडेच घेत नसेल तर पोस्टाने किंवा बँकेतून पाठवा आणि त्याचा पुरावा जपा. "घेत नाही तर नको, पैसे वाचले" असे म्हणून स्वस्थ बसू नका. थकबाकी हे खोली जाण्याचे कारण होऊ शकते.

खोलीला कुलूप लावून गावी किंवा आखाती देशात जाणाऱ्यांनी विशेष सांभाळावे. सबळ कारणावाचून सलग सहा महिने जागा वापरात नसेल, तर मालकाला ताबा मागता येतो. आपल्या कोकणातल्या कुटुंबांना हे माहीत नसते. कोणीतरी घरचे माणूस तिथे खरोखर राहते आहे, याची व्यवस्था करा.

भाडेकरू वारला, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. तो मुलगाच असला पाहिजे असे नाही. बायको किंवा मुलगीही असू शकते. म्हणून रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादी यांत घरच्या बायकांची नावे त्याच पत्त्यावर असू द्या. नवे घर घेणार असाल तर महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हेही लक्षात असू द्या.

पुनर्विकासाच्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून एक वकील करा. एकट्याला जो खर्च जड वाटतो, तो वीस घरांत वाटला तर झेपतो.

आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली, तर ती मुलीच्या शाळेपासून सुरू करू नका. आज बहुतेक घरांत करारनामे, नोटिसा, अर्ज वाचून दाखवते ती शिकणारी मुलगीच. तिची फी वाचवून घराचे जे रक्षण होईल, त्याहून अधिक ती शिकल्याने होईल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम देऊन थांबतो. डॉक्टर-इंजिनियर व्हा, जरूर व्हा. पण या वस्तीला भाडे कायद्याचे वकील हवे आहेत, जुन्या इमारतीची तपासणी करणारे स्ट्रक्चरल इंजिनियर हवे आहेत, गृहनिर्माण सोसायटीचा जमाखर्च लिहिणारे हिशेबनीस हवे आहेत. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना करणाऱ्या बद्रुद्दीन तय्यबजींसारख्यांनी नव्या शिक्षणाची कास धरली, ती समाजाला नव्या काळाचे कायदेकानू समजावेत म्हणूनच. या सुट्टीत घरातली पेटी उघडा. वडिलांना, आजोबांना विचारून जुन्या पावत्या, करार, बिले तारखेप्रमाणे लावा, त्यांच्या प्रती काढा आणि कोणता कागद नाही त्याची यादी करा. आपले झाले की शेजारच्या आजीची पेटी लावून द्या. तिला वाचता येत नसेल, पण तिच्या पेटीत काय आहे ते तुमच्यामुळे तिला कळेल.